भाजलेल्या मिरच्या: एक दुरुस्ती

गेल्या वर्षी ख्रिसमसच्या चार दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमारास, काकूंनी आपल्या स्वयंपाकघरात लसणीच्या गरम तेलात तीन अँकोव्ही सोडले. अँकोव्ही म्हणजे मिठात मुरवून तेलात ठेवलेला बोटभर मासा, आपल्या मांदेलीच्या नात्यातला. मी काकूंच्या उजव्या हाताला, दोन फुटांवर उभी होते. आच मंद होती. मिनिटभरात मासे विरघळले.

ते तेल भाजलेल्या लाल मिरच्यांवर ओतायचं होतं. मिरच्यांची वाटी ख्रिसमसच्या दिवशी शाकाहारी ताटाच्या मध्यभागी ठेवली जायची. काकू स्वतः जन्माने आणि सवयीने शाकाहारी.

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळात तुम्ही दोन-चार वर्षं काढली असतील, तर त्यांच्यासारखं कुणीतरी तुम्हीही पाहिलेलं असणार. पाकीट हातात आलं की काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या, पाकीट नाकापासून चार इंचांवर धरायच्या आणि घटकांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायच्या. घाई नाही. मग पाकीट खाली ठेवून म्हणायच्या, "लेबल वाचलंय मी." एवढं झालं की आमच्या श्रूजबरी गावातले शाकाहारी जेवायला बसत.

एका वाढदिवसाला त्यांनी पाच-सहा पोरांच्या हातांतले मार्शमेलो काढून घेतले होते. त्यात जिलेटिन असतं आणि जिलेटिन कशाचं असतं, हे त्यांनी पोरांना सांगितलं. पोरं रडली. आया गप्प बसल्या, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. दुसऱ्या एका घरी नव्यानेच आलेल्या एका मुलीने मोठ्या हौसेने पास्ता केला होता. काकूंनी तिला चीजचं पाकीट मागितलं, वाचलं आणि पास्त्याचं भांडं उचलून शाकाहारी टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवलं. "वासराच्या जठरातलं असतं बाळ त्यात," त्या म्हणाल्या. मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी काकू तिला गाडीत घालून दुकानात घेऊन गेल्या आणि दोन तास चीजच्या कपाटासमोर उभ्या राहून कुठलं चालतं, कुठलं नाही, ते एकेक दाखवलं. ती मुलगी आजही तीच यादी वापरते.

माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग आहे. भाज्यांच्या कटलेटमध्ये कुणीतरी वूस्टरशायर सॉस घालायला निघालं होतं. काकूंनी हात धरला. "त्यात अँकोव्ही असतो," त्या म्हणाल्या. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या तोंडून.

मी पुण्याच्या एका दैनिकात बातमीच्या टेबलावर अकरा वर्षं काम केलं. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. मंडळाचा दिवाळी अंक आणि संक्रांतीचं पत्रक काढायचं काम माझ्याकडे आलं. काकू मला "पेपरवाली" म्हणत. "आली पेपरवाली, आता जपून बोला रे," असं दारातच सांगत. मी मूळची मालवणची, मासे खाणारी. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. माझं ताट त्या न विचारता दुसऱ्या टेबलाकडे सरकवत.

ख्रिसमसला दुपारी साडेबाराला काकूंच्या घरी जमायचं, हा गावातल्या जुन्या मराठी घरांचा रिवाज. त्या दिवशी सगळं बंद असतं, कुणाला कुठे जायचं नसतं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. जेवणाच्या आधीचं मात्र काकूंचं. इटालियन लोक ज्याला अँटिपास्टो म्हणतात, ते ताट. काकूंनी मला ते एका वाक्यात समजावलं होतं: हे लोक पानाची डावी बाजू आधी वाढतात आणि पान नंतर.

ते त्या शिकल्या शेजारच्या घरात. तिथे एक इटालियन जोडपं राहायचं. काकूंचे यजमान डॉक्टर होते, भूल देणारे. ते आणि शेजारचा तो गृहस्थ हिवाळाभर दोन्ही घरांच्या ड्राइव्हवेवरचं स्नो एकत्र काढत. दोघांना लोक भाऊ म्हणत, म्हणून काकू त्या बाईला "माझी इटालियन जाऊ" म्हणायच्या. मी इथे येण्याआधीच ती जाऊ वारली होती. काकूंचे डॉक्टर पाच वर्षांपूर्वी गेले. ताट चालू राहिलं.

ताटं दोन असत. एक सामिष. त्यात सलामीचे, म्हणजे खारवलेल्या मांसाचे, पातळ काप, ते घडी घालून फुलासारखे उभे करायचे. काकू हातमोजे घालून, दोन काट्यांनी ते करत आणि जावेने शिकवलं तसंच करत. मांसाला त्यांनी कधी हात लावला नाही आणि कुणाला कमीही वाढलं नाही. दुसरं ताट शाकाहारी. ताज्या चीजचे पांढरे गोळे, लोणच्यातली फुलकोबी आणि गाजर, तेलात मुरवलेल्या आर्टिचोकच्या कळ्या, दोन प्रकारचे ऑलिव्ह, चण्यांची कोशिंबीर, कडेने पाव. ओलं ओल्याशेजारी, कोरडं कोरड्याशेजारी. ऑलिव्हचं पाणी चीजला लागलं तर त्या ती ओळ उचलून पुन्हा लावत. मध्ये वाटी.

मिरच्या त्या भरताच्या वांग्यासारख्या गॅसवर भाजत. लाल ढोबळी मिरची, सगळीकडून काळी पडेपर्यंत. मग पातेल्यात घालून वर झाकण. सालं हाताने काढायची, पाण्याखाली धरायची नाहीत. "पाण्यात चव वाहून जाते," त्या सांगत, "आणि मग लोक मीठ वाढवतात." पट्ट्या कापून त्यावर लसणीचं तेल. जानेवारीत लोक भेटले की त्या मिरच्यांबद्दल बोलत.

सगळ्यांत जास्त त्या खात अण्णा. अण्णा निवृत्त इंजिनिअर, वय ब्याऐंशी. या देशात आले तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी दूध, पाव आणि उकडलेल्या बटाट्यांवर काढलं, कारण दुसऱ्या कशात काय आहे ते सांगणारं कुणी नव्हतं. अंडं घातलेला केकही ते खात नाहीत. कुणाकडे गेले की स्टीलचा स्वतःचा डबा घेऊन जात, कोपऱ्यात बसून खात आणि यजमानांना वाईट वाटू नये म्हणून डब्याचं कौतुक करत. हे मी इतरांकडून ऐकलं. मी पाहिलेले अण्णा काकूंच्या टेबलाशी मधोमध बसत, रिकाम्या हाताने येत आणि पावाच्या तुकड्याने वाटी पुसून खात. काकूंचं घर हे एकच घर जिथे ते डबा नेत नसत.

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी मी काकूंची मुलाखत घेतली. त्यांनी ताटाची सगळी पद्धत सांगितली, मिरच्यांची कृती मोजून सांगितली. तेल अर्धा कप, लसूण आठ पाकळ्या, मीठ बेताने. "वर लिही, शुद्ध शाकाहारी," त्या म्हणाल्या. "आमच्या अण्णांची पसंती, असंही लिही." मी दोन्ही लिहिलं. स्वतःचं एक वाक्यही घातलं: ही खोल, खारट चव लसणीची आहे. मालवणात वाढूनही मी ते सात वर्षं खाल्लं होतं आणि ओळखलं नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मॉरिसव्हिलहून एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्या आधी आमच्याच गावात होत्या, काकूंच्या हातच्या मिरच्या त्यांनी बरीच वर्षं खाल्ल्या होत्या. छापलेल्या कृतीने तीनदा करून पाहिलं, ती चव येत नाही, काहीतरी छापायचं राहिलंय का, असं त्यांनी विचारलं होतं. पुढे लिहिलं होतं की नवऱ्याच्या मते काकूंनी मुद्दाम एक गोष्ट राखून ठेवली आहे, सगळ्या सुगरणी ठेवतात. मी काकूंना फोन केला. त्या हसल्या, तिची लसूण जुनी असेल म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही करता तेव्हा शेजारी उभी राहून लिहून घेते. दोनदा त्यांनी पुढे ढकललं. तिसऱ्यांदा ये म्हणाल्या. त्या दिवशी मीठ जरा जास्त घालून वेळ मारून न्यायचं ठरवलं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

पण त्या बोलत होत्या. मुलीकडे ओहायोला जायची तिकिटं, डॉक्टरांचा जुना कोट, कुणाचं तरी लग्न. बोलता बोलता त्यांनी फ्रिजच्या दारामागून कागदात गुंडाळलेला लहान डबा काढला, झाकण उघडलं आणि काट्याने एक, दोन, तीन मासे तेलात सोडले. हाताला इतक्या वर्षांची सवय होती. मग त्या बोलायच्या थांबल्या.

"काकू, हे काय टाकलंत?"

त्यांनी कढईत पाहिलं. काट्याने तेल एकदा ढवळलं.

"आता काही नाही त्यात," त्या म्हणाल्या. "बघ की."

मी पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं.

त्यांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या. पुढचा अर्धा तास त्या सरळ सांगत होत्या. मी मध्ये फारसं विचारलं नाही. एकवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ताट झालं तेव्हा मिरच्या जावेने करून दिल्या होत्या. त्यात मासा आहे हे काकूंना माहीत नव्हतं. सगळ्यांनी खाल्ल्या, काकूंनीही. अण्णांच्या पत्नी मालतीबाई तेव्हा होत्या. त्यांनी दोनदा मागून घेतल्या. कृती विचारायला काकू नंतर जावेकडे गेल्या तेव्हा तिने मासा सांगितला. घरी आल्यावर त्यांनी महिनाभर एकभुक्त राहून प्रायश्चित्त घेतलं. कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. अजाणता झालं, आपण भोगलं, संपलं, असा त्यांचा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात मालतीबाई गेल्या. पुढच्या ख्रिसमसला काकूंनी मिरच्या मासा न घालता केल्या. अण्णा डबा घेऊन आले, एक पट्टी तोंडात घातली आणि म्हणाले, गेल्या वर्षीची चव नाही. हिला फार आवडल्या होत्या त्या. मग कोपऱ्यात जाऊन डबा उघडला. त्या वर्षी ते कुणाशी बोलले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी मासा घातला.

"ते सगळं संपवलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "माणसांत बसून जेवले. डबा उघडला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तर आणलाच नाही. तू असतीस तर काय केलं असतंस?"

"विचारलं असतं."

"तू विचारतेसच. तुला दुसरं येतं काय?"

मी विचारलं की त्या स्वतः या मिरच्या खातात का.

"मी? छे," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी फोनमधले सात ख्रिसमसचे फोटो काढून पाहिले. काकूंचं स्वतःचं जेवणाचं ताट पाच फोटोंत दिसतं. चीज आहे, आर्टिचोक आहे, पाव आहे. मिरची एकातही नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी मी त्यांना सांगितलं की संक्रांतीच्या पत्रकात दुरुस्ती छापावी लागेल. त्या म्हणाल्या, मिरच्यांची कृती आहे ती, कोर्टाचा निकाल नाही. मी म्हटलं की शुद्ध शाकाहारी असं छापलंय आणि लोक ते वाचून करतायत. बराच वेळ त्या ओट्यावरचं तेल पुसत राहिल्या. शेवटी आमच्यात असं ठरलं: ख्रिसमसच्या आधी अण्णांना त्या स्वतः सांगतील, वाटी यंदा मासा न घालता होईल आणि तोवर मी कुणाजवळ बोलणार नाही.

"त्यांनी माझ्या तोंडून ऐकायला हवं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. कढईतलं तेल त्यांनी माझ्यासमोर एका रिकाम्या बरणीत ओतलं, टाकून देते म्हणाल्या.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला: "अण्णांशी बोलले. जरा गप्प झाले, पण ठीक आहेत. विषय संपला. उद्या वेळेवर ये."

ख्रिसमसला बावीस माणसं होती. थंडी होती, पण रस्ते मोकळे होते. शाकाहारी ताट ओट्यावर, नेहमीच्या जागी होतं. वाटी मध्ये होती. नवीन लग्न झालेल्या एकीने विचारलं की यात काही नाही ना. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लेबल वाचलंय मी."

अण्णा टेबलाशी मधोमध बसले होते. त्यांना त्यांची नात गाडीतून घेऊन आली होती, ती कॉलेजात शिकते. अण्णांचा मूड चांगला होता. पावाचा तुकडा ताटातल्या मिरच्यांच्या तेलात बुडवून ते तिला तिच्या आजीने पहिल्या वर्षी ही वाटी कशी दोनदा मागून घेतली होती, ते सांगत होते. नात हसून म्हणत होती, "यू टेल मी धिस एव्हरी इयर, आजोबा."

मी एक पट्टी घेतली. आता माहीत होतं, म्हणून ओळखता आलं. एका चवीवर बातमी होत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालची रिसायकलिंगची पिशवी पाहिली. तळाशी अँकोव्हीचा डबा होता, साबणाने स्वच्छ धुतलेला. काकू सगळे डबे धुऊनच टाकत.

बाहेर येऊन मी अण्णांच्या शेजारी वाकले आणि विचारलं की काकू त्यांच्याशी बोलल्या ना.

"कशाबद्दल?" अण्णा म्हणाले.

मी काकूंना आतल्या खोलीत बोलावलं. त्यांची बाजू ऐकणं आवश्यक होतं. त्यांनी नाकारलं नाही. चार दिवसांत कसं सांगणार होते, असं त्यांनी विचारलं. सणाचा दिवस, घर माणसांनी भरलेलं, त्यात हे कशाला. यंदाची शेवटची वाटी म्हणून केली. उद्या नक्की सांगते.

"त्यांच्या ताटात आहे ते आत्ता," मी म्हटलं.

"एकोणीस वर्षं आहे. अजून एक तास."

"अण्णांना सांगितलं, असं मला लिहिलंत."

"तुला गप्प बसवायला लिहिलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू शब्द दिला आहेस, लक्षात ठेव."

मी बाहेर गेले, अण्णांशेजारची खुर्ची ओढली आणि त्यांना सांगितलं. चार वाक्यं होती. मिरच्यांच्या तेलात मासा असतो. पहिल्या वर्षी काकूंना माहीत नव्हतं. एक वर्ष त्यांनी घातला नाही. त्यानंतर दरवर्षी माहीत असून घातला.

अण्णांच्या हातात पावाचा तुकडा होता. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला.

"मालतीनं खाल्लं ते?"

"तेही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. उठले, बेसिनपाशी गेले, हात धुतले, तीनदा चूळ भरली. नात मागून गेली. "आजोबा, आर यू ओके?" तिने विचारलं. त्यांनी तिला कोट आणायला सांगितलं. काय झालं ते कुणी कुणाला विचारलं नाही; शेजारच्या दोघांनी ऐकलं होतं आणि ते खोलीत पुढे सरकत होतं.

दारापाशी अण्णा बाकावर बसून बूट घालत होते. काकू आल्या आणि त्यांची मफलर घेऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, मला विचारायला हवं होतंत," अण्णा म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," अण्णा म्हणाले. "म्हणूनच."

त्यांनी मफलर घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि नातीच्या हाताला धरून पायऱ्या उतरले. काकू दार लावून वळल्या. मी समोरच होते.

"माझ्या घरात," त्या म्हणाल्या. "माझ्या पाहुण्याला."

एवढंच. मग त्या ओट्यापाशी गेल्या, वाटी उचलली, झाकली आणि फ्रिजमध्ये ठेवली. रिकामी झालेली मधली जागा त्यांनी ऑलिव्हने भरून काढली. लोक अर्ध्या तासात पांगले. दोन-तीन जणींनी आणलेले पदार्थ न उघडता परत नेले.

संक्रांतीच्या पत्रकात दुसऱ्या पानावर खाली ही दुरुस्ती आली: "दिवाळी अंकातील भाजलेल्या लाल मिरच्यांच्या पाककृतीत अँकोव्ही हा घटक नमूद करायचा राहिला होता. ही पाककृती शाकाहारी नाही. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल संपादक दिलगीर आहेत." यातले "राहिला होता" हे शब्द अचूक नव्हते. छपाईआधी मी ते दोनदा वाचले आणि तसेच ठेवले.

त्यानंतर काय झालं, ते मला जितकं पडताळता आलं तितकं सांगते. मॉरिसव्हिलच्या बाईंनी उत्तर पाठवलं की आता चव आली, पण सासूबाई असताना करता येणार नाही. एका घरी काकूंनी दिलेलं वर्षभराचं लिंबाचं लोणचं टाकून दिल्याचं दोघांनी सांगितलं. त्या घराने दुजोरा दिला नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी मला फोन करून काही गोष्टी छापायच्या नसतात, असं सुनावलं. त्यांच्या बायकोने त्याच संध्याकाळी फोन करून बरं झालं छापलंस, असं सांगितलं, आणि हे त्यांना सांगू नकोस म्हणाली. चीजच्या कपाटासमोर काकूंनी जिला दोन तास उभं केलं होतं, ती मुलगी एकदा घरी आली. तिने ती जुनी यादी आणली होती. यातलं सगळं आता पुन्हा तपासायचं का, असं तिने विचारलं. आम्ही दोघींनी बसून तपासलं. एकही चूक नव्हती.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला अण्णा आले. डबा बरोबर होता. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, डब्यातली एक पुरी दिली आणि दिवाळी अंकातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. काकूंचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही काढलं नाही. काकू त्या कार्यक्रमाला आल्या नाहीत. हॉलमध्ये पुलावाची पाकिटं पडली होती, आणि एक नवी मुलगी ती घेऊन विचारत फिरत होती की हे वाचायला कुणाला द्यायचं असतं.

मे महिन्यात काकूंच्या हिरवळीवर घर विक्रीची पाटी लागली. मंडळात त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं. मी पाटी पाहिली ती गाडीतून जाताना. दोनदा जाऊन बेल वाजवली. दुसऱ्या वेळी वरच्या खिडकीत दिवा होता. दार उघडलं नाही. जूनमध्ये नवीन कुटुंब राहायला आलं. काकू मुलीकडे, ओहायोत डब्लिनला गेल्याचं मला त्या कुटुंबाकडून कळलं.

यंदाच्या ख्रिसमसला कुणाच्याच घरी जमायचं ठरलं नाही. मी काकूंना तीनदा फोन केला. त्यांचा स्वतःचा नंबर बंद आहे, म्हणून मुलीच्या नंबरवर. पहिला ख्रिसमसच्या आठवडाभर आधी, सकाळी दहाला. दुसरा आदल्या दिवशी, दुपारी दोनला. तिसरा ख्रिसमसच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास. तिन्ही वेळा मुलीने फोन घेतला आणि आई आंघोळीला गेली आहे, असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मागून काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्या कुणाला तरी पाव जरा जाड कापायला सांगत होत्या.